आपण कुणाचे ऐकता?

संगीताच्या दुनियेत माणूस स्वतःचे नाव सांगतो ते नंतर. आधी तो दुसऱ्याचे नाव सांगतो. ग्वाल्हेरीत वाढलेल्या मंडळींना ही रीत समजावून द्यायला नको. परगावचा गवई बैठकीत आला, की 'आपले नाव काय?' या प्रश्नापाठोपाठ 'गाणे कुणाचे?' हा प्रश्न ठरलेला. मग तो कानाच्या पाळीला हात लावून गुरूचे नाव घेणार, गुरूच्या गुरूचे घेणार, आणि ती साखळी हद्दूखाँ-हस्सूखाँपर्यंत येऊन पोचली, की बैठकीतल्या म्हाताऱ्यांच्या माना डोलू लागणार. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोश्यांपाशी विद्या घेतली आणि ती महाराष्ट्रात नेली. त्यानंतर तिकडच्या कितीतरी गवयांची ओळख या दोन नावांवाचून पुरी झाली नाही. एका नावात माणसाची तालीम कळते, आवड कळते, आणि त्याच्याशी कोणत्या गोष्टी बोलाव्यात हेही कळते.

ही रीत आपल्याच संगीताची मिरास आहे, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. परंतु जिला आपण आपल्या ओसरीवर कधी उभेही केले नसते अशा एका परक्या संगीताच्या श्रोत्यांत ती जशीच्या तशी नांदते आहे. त्या संगीताचे नाव 'हेवी मेटल'. नाव वाचताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी जाणून आहे. काळे सदरे, वाढवलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण थोडे थांबावे. ते संगीत आवडावे असा माझा आग्रह नाही; त्याच्या श्रोत्यांची ओळख सांगण्याची तऱ्हा मात्र आपण पाहण्याजोगी आहे.

माझ्याकडे ख्याल शिकायला येणाऱ्या एका मुलाला मी सहज विचारले, 'घरी काय ऐकतोस रे?' तो जरा बिचकला. मग म्हणाला, 'गुरुजी, मेटल.' आणि पुढे न विचारताच त्याने नावे सांगायला आरंभ केला. ती अगदी क्रमाने होती. आधी बर्मिंगहॅमचा 'ब्लॅक सॅबथ', मग 'जूडास प्रीस्ट', मग लंडनचा 'आयर्न मेडन', मग अमेरिकेतला 'मेटॅलिका', आणि सरतेशेवटी त्याच्या वयाच्या मुलांचे आजचे वाद्यवृंद. वंशावळ म्हणावी तशी ती यादी होती. कोणी कोणाचे ऐकून काय उचलले, हे तो हद्दूखाँच्या शिष्यशाखा सांगाव्यात तसे सांगत होता.

या वंशाचा मूळपुरुष शोधायला गेले, तर आपण एका कारखान्यात जाऊन पोचतो. बर्मिंगहॅम हे इंग्लंडातले लोखंडकामाचे शहर, आणि तेथील अ‍ॅस्टन ही कामगारांची वस्ती. तिथला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. दोन अधू बोटे असूनही थोर वादक झालेल्या जँगो राइनहार्टची तबकडी कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला ऐकवली, आणि पोराने उमेद धरली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे बसवले, आणि तारा हलक्या वापरल्या. पुढे त्या सैलही केल्या. १९७१ सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतल्या काही गाण्यांत त्या नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. त्यामुळे नाद खर्जाकडे झुकला, जड झाला. 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, आणि बहुतेक जाणकार मेटलचा आरंभ तेथूनच धरतात.

आपल्या कानांनी ऐकले तर त्या गोंगाटाच्या तळाशी ओळखीचे काही सापडते. गिटारीचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. अशा फाटक्या आवाजात गांधार मिसळला की सगळे गढूळ होते. म्हणून हे वादक पुष्कळदा केवळ षड्ज आणि पंचम एकदम छेडतात. षड्ज-पंचम म्हणजे आपला तंबोराच की! त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतले पहिले गाणे तर तीन स्वरांवर उभे आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपातील जुने शास्त्रकार संगीतातला सैतान म्हणत. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात सांजवात लावल्यासारखा शांत वाटतो. स्वर तोच, एकाला त्यात भय दिसते, दुसऱ्याला दिवेलागण.

आता ओळखीकडे येतो. १९८१ साली कॅलिफोर्नियात लार्स उल्रिक नावाचा सतरा वर्षांचा डेन्मार्कचा मुलगा राहत होता. वडील टॉर्बेन उल्रिक नामांकित टेनिसपटू, शिवाय जॅझ संगीतावर लिहिणारे. मुलगा ढोल वाजवी, पण त्याला हवे ते संगीत ऐकणारा जवळपास कोणी भेटेना. त्याने लॉस एंजेलिसच्या एका जाहिरातपत्रात चार ओळी दिल्या. ढोल वाजवणारा सोबती शोधतो आहे, एवढे सांगून त्याने आपली ओळख म्हणून इंग्लंडातल्या तीन वाद्यवृंदांची नावे घातली: 'टायगर्स ऑफ पॅन टँग', 'डायमंड हेड' आणि 'आयर्न मेडन'. आपले शिक्षण, अनुभव, वाद्याची किंमत यांतले काही नाही. मी यांचे ऐकतो, एवढेच. ती नावे ज्याला कळतील तोच येईल, हा त्यातला हिशेब. जेम्स हेटफील्ड नावाचा मुलगा आला, आणि त्या वर्षअखेरीच्या आत 'मेटॅलिका' उभी राहिली. आपला गवई कानाला हात लावून करतो तेच काम त्या तीन नावांनी केले.

त्या काळात ही मंडळी टपालानेही एकमेकांना भेटत. हाती लिहिलेल्या याद्या पाकिटात घालून पाठवायच्या: माझ्यापाशी या या कॅसेटी आहेत, तुझ्यापाशी काय आहे? मग एकाने दुसऱ्याची कॅसेट उतरवून घ्यायची आणि पुढच्याला धाडायची. तिकिटांवर साबणाचा पातळ थर देत, म्हणजे टपालाचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चालावे! सरकारची ही फसवणूक मी वाखाणत नाही; पण एका गाण्यासाठी पोरे किती आटापिटा करत, हे त्यावरून दिसते. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाशी वर्षानुवर्षे स्नेह जमे, आणि त्या स्नेहाची पहिली ओळ म्हणजे त्याच्या आवडीची यादी.

यादी जवळ नसेल तर अंगावरचे कपडे बोलतात. बाह्या कापलेल्या जाकिटावर आवडत्या वाद्यवृंदांच्या नावांची ठिगळे शिवलेली असतात. ती वाचली की त्या माणसाची कुंडलीच वाचली. आणि शब्दही नको असतील तर हाताची खूण आहे: तर्जनी आणि करंगळी उभी, मधली दोन बोटे अंगठ्याखाली दाबलेली. नाच शिकणाऱ्या मुलींना आपला सिंहमुख हस्त आठवेल. पुष्कळांना ही सैतानाची खूण वाटते. तिचा प्रसार केला तो १९७९ साली 'ब्लॅक सॅबथ'मध्ये आलेल्या रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि तो सांगे, की ही खूण मी माझ्या इटालियन आजीपासून घेतली. ती दृष्ट लागू नये म्हणून बोटे अशी करत असे. म्हणजे मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आजीची ती सख्खी बहीणच!

परंतु ओळख सांगणे नेहमीच इतके सुखाचे नसते. १९८५ साली वॉशिंग्टनमधील काही राजकारणी पुरुषांच्या पत्नींनी तरुणांच्या गाण्यांविरुद्ध मोहीम उघडली. १९ सप्टेंबर रोजी सिनेटच्या समितीपुढे 'ट्विस्टेड सिस्टर'चा गायक डी स्नायडर साक्षीला उभा राहिला. पिंजारलेले केस, बिनबाह्यांचे जाकीट. त्याने आधी स्वतःची ओळख दिली ती अशी: वय तीस, विवाहित, तीन वर्षांचा एक मुलगा, ख्रिस्ती संस्कारांत वाढलेला, विडी नाही, दारू नाही, मादक पदार्थ नाहीत, आणि गाणी लिहितो ती हेवी मेटल म्हणून ओळखली जातात. त्याच्या एका गाण्यात क्रौर्य आहे असा आरोप होता. तो म्हणाला, ते गाणे शस्त्रक्रियेच्या भीतीवर आहे. गाणारा म्हणजे वाया गेलेला, हे आपल्याही समाजाने किती पिढ्या म्हटले! गाण्याचा नाद लागलेल्या किती मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांपुढे असेच शीलाचे दाखले द्यावे लागले!

त्याहून कठीण प्रसंग २००३ साली मोरोक्कोत आला. कासाब्लांका शहरात चौदा तरुणांवर, त्यांत वादकही होते आणि नुसते ऐकणारेही, धर्म डळमळीत केल्याचा खटला भरला गेला. वाद्यवृंदांची चित्रे असलेले काळे सदरे पुरावा म्हणून न्यायालयात मांडले गेले. काहींना वर्षभरापर्यंतची कैद सुनावली गेली. त्यावर देशात गाणारे-वाजवणारे आणि सुशिक्षित नागरिक रस्त्यावर आले, आणि वरच्या न्यायालयात त्यांतले बहुतेक निर्दोष सुटले. आपण कुणाचे ऐकतो, हे सदऱ्यावर मिरवल्याबद्दल ही शिक्षा! ज्याला असे काही सोसावे लागले, किंवा निदान घरादाराची थट्टा सोसावी लागली, तो आपल्यासारखा दुसरा भेटताच नावांची यादी इतक्या उमाळ्याने का सांगतो, हे आता लक्षात येईल.

आपल्या देशातही हा गोतावळा आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे जलसे रंगत. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमाने तेथील मोठा आवाज थांबला. १७ मार्च २००७ रोजी 'आयर्न मेडन' प्रथमच भारतात वाजवायला आले, ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मैसूरच्या राजघराण्याचे ते पटांगण. त्याच घराण्यातले महाराज जयचामराजेंद्र वडियार स्वतः कृती रचत आणि पाश्चात्त्य संगीताचेही मोठे आश्रयदाते होते; रिचर्ड स्ट्रॉसच्या अखेरच्या चार गीतांचा १९५० साली लंडनात जो पहिला प्रयोग झाला, त्याला द्रव्यसाहाय्य त्यांचेच होते. तेव्हा संस्थानी मातीला परका स्वर अगदीच वर्ज्य होता, असे कोणी म्हणू नये.

मात्र या मंडळींचे सगळेच गोडवे गाण्याचे कारण नाही. नव्याने आलेल्या पोराने सदऱ्यावर एखादे नाव घातले, की 'त्यांची पाच गाणी सांग पाहू' म्हणून त्याची उलटतपासणी घेणारे दरवान त्यांच्यातही आहेत. न आले तर तो ढोंगी ठरतो. अमुक शाखा खरी आणि तमुक बाटलेली, असे वादही आपल्या घराण्यांच्या वादांइतकेच कडाक्याचे चालतात. पण त्यांच्यातच दुसरीही माणसे आहेत. नवखा बिचकत म्हणतो, 'मी आत्ताच ऐकू लागलो, मला एवढी दोनच नावे ठाऊक आहेत.' त्यावर चार जण पुढे येतात आणि म्हणतात, 'ही दोन आवडली ना? मग आता हे ऐक.' ही परंपरा पन्नास वर्षांहून अधिक टिकली ती या दुसऱ्या माणसांच्या बळावर. ५ जुलै २०२५ रोजी 'ब्लॅक सॅबथ'चे मूळ चौघे आपल्या अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानावर, अखेरचे वाजवायला जमले. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलैला वारला. शेवटच्या त्या जलशाला आजोबांच्या वयाचे श्रोते होते आणि मिसरूड न फुटलेलेही होते. ऐकणारा पुढच्या ऐकणाऱ्याला हात देतो, तेव्हाच असे घडते.

माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, म्हणून दरबार मी पाहिला नाही. त्यांच्या तोंडून ऐकला. ते सांगत, की नव्या माणसाने गुरूचे नाव घेतले आणि पुढे त्याचा आवाज बेताचाच निघाला, तरी कोणी हसत नसे. विडा पुढे करून त्याला बसवून घेत. आज आमच्या सभांतून काय दिसते? मागच्या खुर्च्या रिकाम्या असतात. एखादा तरुण धीर करून येतो, तर मध्यंतरात कोणीतरी जुना रसिक त्याला गाठून विचारतो, 'काय हो, आत्ताचा राग कोणता होता?' उत्तर चुकले, की हसू. तो मुलगा पुन्हा फिरकत नाही; आणि आपण म्हणत राहतो, की हल्लीच्या पिढीला गाण्याची आवड उरली नाही.

रागाचे नाव विचारणे ही परीक्षा झाली. 'आपण कुणाचे ऐकता?' असे विचारणे ही ओळख झाली. परीक्षेला माणूस भितो, ओळखीला खुलतो. पुढच्या सभेत शेजारी नवा चेहरा दिसला, तर त्याला हा दुसरा प्रश्न विचारून पाहावा. उत्तरात सिनेमातल्या गायकाचे नाव येईल, कदाचित बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाचेही येईल. येऊ द्यावे. नाव कोणतेही असो, ते घेताना त्याचा चेहरा उजळला, तर तो आपल्यातला आहे असे समजावे, आणि सरकून त्याला थोडी पुढची जागा द्यावी.