जोडीदाराचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात : देवाचा धावा आणि औषध, दोन्ही कसे?

बीड जिल्ह्यात अशी बातमी घरात आली की कुणी परळीच्या वैजनाथाला अभिषेक घालते, कुणी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवस बोलते. 'आता घरी न्या' असे डॉक्टरांनी सांगितले की देवच उरला असे वाटते. पण औषधाचे काम तिथे संपत नाही.

उपशामक उपचार म्हणजे काय?
आजार बरा होत नसला तरी वेदना, धाप, उलट्या कमी करणारे उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत रुग्णाचा आध्यात्मिक त्रासही येतो आणि कुटुंबाचा आधारही.

कल्पना कुणाची?
सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले.

तीव्र वेदनेवर काय?
डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन. २०१४ च्या कायदादुरुस्तीने त्याचे नियम सोपे केले.

श्रद्धा कुठे अडते?
'हे मागच्या जन्मीचे भोग' म्हणून गोळी टाळली, अशक्त रुग्णाला उपवास घडवला, तर त्रास वाढतो. 'माझ्याच नवसात काही कमी पडले' हा अपराधभाव पती किंवा पत्नीला पोखरतो. आजार कुणाच्या भक्तीची परीक्षा नसतो.

काय करावे?
- अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय इथे वेदनाशमनाची चौकशी करा.
- रुग्णाला काय हवे ते त्यालाच विचारा : हरिपाठ, नातवंडे की नुसती शांतता.
- गोळीची वेळ चुकवू नका. आरती त्यानंतरही होते.