प्रॉम्प्टचा लाल रंग गेला कुठे?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. लिनक्स अपग्रेड केलं आणि टर्मिनलमधला प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या आधी दिसणारा तो छोटा मजकूर, बदलला. चालतंय की सगळं, मग काय एवढं? मीही असंच म्हणायचो.

आमच्याकडे दोन डेबियन सर्व्हर होते, एक टेस्टचा, एक लाइव्ह. नावात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. म्हणून कुणीतरी लाइव्हचा प्रॉम्प्ट लाल करून ठेवला होता. लाल दिसलं की हात आपोआप थांबायचा. मग डेबियनच्या पुढच्या व्हर्जनवर गेलो. दुसऱ्या दिवशी साधा पांढरा प्रॉम्प्ट बघून मी बिनधास्त रीबूट मारला. तो लाइव्ह होता. सर्व्हर परत उठेपर्यंत माझ्या फोनवर जे मेसेज आले, ते इथे वाचून दाखवण्यासारखे नाहीत.

तर प्रॉम्प्ट येतो कुठून? बॅश या शेलमध्ये पीएस-वन नावाचं एक व्हेरिएबल असतं. त्यात बॅकस्लॅश यू म्हणजे युजर, बॅकस्लॅश एच म्हणजे मशीनचं नाव, बॅकस्लॅश स्मॉल डब्ल्यू म्हणजे चालू फोल्डर. ‘इको डॉलर पीएस-वन’ केलं की आत्ता त्यात काय आहे ते दिसतं. पीएस दोन्ही कॅपिटल बरं का. खरा प्रश्न असतो तो म्हणजे हे व्हेरिएबल कुठल्या फाइलने भरलं.

बदललेला प्रॉम्प्टच अर्धं उत्तर देतो. नुसतं डॉलरचं चिन्ह दिसतंय? मग तुम्ही बहुतेक बॅशमध्ये नाहीच, साध्या एसएचमध्ये आहात. ‘इको डॉलर झिरो’ करून खात्री करा. ‘बॅश’, पुढे व्हर्जनचा आकडा आणि डॉलर असं दिसतंय? बॅश आहे, पण पीएस-वन भरणारी एकही फाइल त्याने वाचलेली नाही. नाव, फोल्डर सगळं आहे, फक्त रंग गेलाय? मग कुठली तरी वेगळी फाइल लागू झालीये. स्क्रीनसारख्या प्रोग्रॅममध्ये असाल तर टर्म हे व्हेरिएबलही बघा. डेबियन, उबंटूची मूळ फाइल त्यावरूनच रंग द्यायचा की नाही ते ठरवते.

एक जागा हमखास चकवते. एसएसएचने लॉगिन केलं की बॅश तुमच्या होममध्ये आधी डॉट-बॅश-प्रोफाइल शोधतं. ती सापडली की डॉट-प्रोफाइल उघडतच नाही. आणि डेबियन-उबंटूत डॉट-बॅशआरसीला बोलावण्याचं काम डॉट-प्रोफाइल करते! एखाद्या इन्स्टॉलरने गुपचूप पहिली फाइल बनवली की संपलं. मी तर आधी ‘एलएस मायनस ए’ करून हेच बघतो.

आमची भानगड मात्र वेगळी होती. आमच्या कॉमन युजरच्या होममध्ये डॉट-बॅशआरसी नव्हतीच, त्यामुळे ईटीसी फोल्डरमधली बॅश-डॉट-बॅशआरसी लागू व्हायची. लाल रंग तिच्यातच होता. ही फाइल बॅशच्या पॅकेजची. अपग्रेडमध्ये डीपीकेजी विचारतं, तुमची फाइल ठेवू की नवी टाकू? एन म्हणजे तुमची ठेव, वाय म्हणजे नवी टाक, आणि डी दाबलं तर दोन्हींतला फरक दिसतो. आम्ही न वाचता वाय दाबला होता. (हो, ‘आम्ही’ म्हणजे मीच.)

सुदैवाने जुनी फाइल फेकली जात नाही. त्याच फोल्डरमध्ये तिच्या नावापुढे डॉट-डीपीकेजी-ओल्ड लागलेलं असतं. डिफ कमांडने दोन्ही शेजारी ठेवल्या, पीएस-वनची ओळ लगेच सापडली. जुनी फाइल अख्खी परत टाकू नका, फक्त तुमची ओळ उचला. रंगाचे कोड बॅकस्लॅश आणि चौकोनी कंसात बंद आहेत ना, तेही बघा. नाहीतर लांब कमांड टाइप करताना ओळी एकमेकांवर चढतात.

आता ती ओळ आम्ही युजरच्या होममधल्या डॉट-बॅशआरसीत ठेवलीये, सोबत डॉट-प्रोफाइलही. पॅकेज अपग्रेड होमला हात लावत नाही. फाइल बदलताना दुसरं लॉगिन उघडं ठेवा, काही बिघडलं तर तिथून नीट करता येतं.

लॅपटॉप जवळ नसेल तर फोनवर टर्मक्स घ्या. तिथेही बॅशच आहे, पीएस-वन बदलून बघा. ‘एक्झिट’ करून नवं सेशन उघडलं की जुना प्रॉम्प्ट परत येतो. आणि हो, आम्ही त्या दोन सर्व्हरची नावंही बदलली. आता एकाच्या नावात सरळ ‘लाइव्ह’ लिहिलंय.