दुकान आणि कायदा (भाग ६): तिवडा आणि ठोकाचं बिल

परवान्याचा विषय मागच्या आठवड्यात संपला. आता गोणीकडे वळू, कारण जबलपुरात किराणा दुकान सांभाळणाऱ्याचा कस पाकीटबंद मालापेक्षा सुट्या डाळीत आणि बेसनात लागतो.

त्याला कारण तिवडा. विदर्भात याला लाखोळी म्हणतात, कागदोपत्री नाव खेसारी. डाळ भरडली की ती हरभऱ्याच्या नि तुरीच्या डाळीत खपून जाते आणि बेसन झाल्यावर नजरेला काहीच कळत नाही. १८२९ पासून सागर भागात गहू बुडाला तेव्हा लोकांनी तिवड्यावर दिवस काढले. १८३३ च्या सुमारास तिशीच्या आतली माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. हे लिहून ठेवलंय स्लीमनने. हो, ठगांचा बंदोबस्त करणारा, आपल्या जबलपूरचाच तो. एखाद्या वेळी वरणात आली म्हणून कोणी लुळं पडत नाही. महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झालं तर धोका. कमी विषाच्या जातीही निघाल्या आहेत आणि बंदी हवी की नको हा वाद जुनाच आहे. दुकानदाराने त्यात पडू नये. २०११ च्या नियमांनी खेसारी, तिची डाळ, पीठ आणि इतर डाळींतली तिची मिसळ, सगळ्याच्याच विक्रीला मनाई केली आहे.

मग ‘मी दळलं नाही, मी फक्त विकलं’ हे चालेल का? चालतं, पण बिलासकट. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ विक्रेत्याला मोजक्याच गोष्टींसाठी धरतं: मुदत उलटलेला माल, अस्वच्छ साठवण, खोटं लेबल, जाणूनबुजून घेतलेला असुरक्षित माल, आणि ज्याचा उत्पादक किंवा वितरक सांगताच येत नाही असा माल. सुट्या डाळीत दुकानदार अडकतो तो या शेवटच्या मुद्द्यावर. मुकादमगंजाच्या ठोक बाजारातून गोणी येते, डब्यात तळाशी जुनी डाळ असतानाच वर ओतली जाते, गोणीवरची चिठ्ठी कचऱ्यात जाते. त्या डब्यातली डाळ कोणाची, हे मग खुद्द मालकालाही सांगता येत नाही. म्हणून डबा आधी रिकामा करून पुसायचा, चिठ्ठी डब्यालाच चिकटवायची आणि बिलावर ठोकवाल्याच्या अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे ना ते गोणी उतरवतानाच बघायचं. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे. ‘बिल नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याची गोणी गाडीतच राहू द्यावी, ओळखीचा असला तरी.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा असं सांगायचा हक्क दुकानदाराचा आहे. तो तिथल्या तिथे, लेखी मागावा. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस असतात. अहवाल विरुद्ध गेला तर अपिलाला तीस. दंडाची प्रकरणं अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर चालतात आणि तिथे पहिल्यांदा बिलाचीच फाईल मागतात.

साखळी दुकानांत नोकरी करणाऱ्यांनी कलम ६६ वाचावं. कंपनीने शाखेच्या प्रमुखाला अन्न सुरक्षेसाठी नेमलं असेल, तर त्या शाखेतल्या गुन्ह्याला तो स्वतः जबाबदार धरला जातो. तेव्हा नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी खरेदी कोण ठरवतं हे विचारून घ्यावं. माल वरून येत असेल, तर तो परत पाठवायचा अधिकार लेखी मागावा.

(क्रमशः)