खाडीपलीकडचा टॉवर

दातिवऱ्याहून विरारला जायचं तर सफाळ्याला येऊन गाडी पकडायची, ही जुनी रीत. मध्ये वैतरणेचं मुख आहे. मोबाइलला त्याचं काही नाही. पलीकडचा अर्नाळा-विरारकडचा टॉवर तो सरळ पाण्यावरून पकडतो. म्हणूनच किनाऱ्यालगतच्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : रेंजच्या कांड्या भरलेल्या, पण व्हिडिओ नुसता गोल फिरतोय.

अशाच एका घरात सिमवर चालणारा 4जी अँटेना बसवायला बोईसरहून एक तरुण आला होता. त्याचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. राऊटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून. "काकी, हा इथे कोणी ठेवला?" काकी म्हणाल्या, "शोभतो म्हणून मीच ठेवला."

त्याने फोनवर अ‍ॅप उघडलं. टीव्हीच्या कोपऱ्यात आकडा उणे 112, गच्चीवर उणे 94. मोजमाप डेसिबलचं, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि दर दहा अंकांना ताकद दहापट. म्हणजे एक जिना चढल्यावर सिग्नल साठपटींहून जास्त वाढला. फुकटात.

मग त्याने अँटेना पाइपावर सैल अडकवून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. खाडीच्या दिशेला उणे 90. मी असतो तर तिथेच नट आवळला असता. त्याने मात्र त्याखालचा दुसरा आकडा पाहिला : सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो. जेमतेम 2. अँटेना गावाकडे, माडांच्या फटीत वळवला. सिग्नल उतरून उणे 97 झाला, पण दुसरा आकडा 13 वर गेला. तिथेच पाना लागला.

कारण पाण्यात आहे. खाडीवर ना घर ना झाड, त्यामुळे पलीकडचा एक नव्हे, अनेक टॉवर एकाच वेळी दिसतात, आणि 4जीमध्ये शेजारचे टॉवर बहुधा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. मासळीच्या लिलावात सगळ्यांनी एकदम बोली लावावी तसं होतं. आवाज मोठा, कळत काहीच नाही. शिवाय पलीकडचा टॉवर आधीच विरारच्या गर्दीत वाटला गेलेला. त्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते. भरती-ओहोटीने पाणी वरखाली झालं की हा मेळही बदलतो.

माडांचाही त्रास आहेच. 700 मेगाहर्ट्झची लहर साधारण 43 सेंटीमीटर लांब, ती झावळ्यांतून बऱ्यापैकी निभावते. 5जीची 3300 मेगाहर्ट्झची लहर 9 सेंटीमीटरची, ती पानांत बरीच मुरते. ओली पानं आणखी वाईट. म्हणून पावसाळ्यात 'नेट पडलं' ही ओरड नेहमीच कंपनीची चूक नसते.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं काम. केबल भिंतीच्या भोकात घालण्याआधी त्याने ती खाली लोंबती ठेवून मग वर वळवली. पावसाचं पाणी त्या वळणाच्या तळाशी येऊन गळतं, घरात शिरत नाही. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचा. साधा पत्रा खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नसावं.

डोंगल लॅपटॉपला लावून खिडकीबाहेर धरायचे दिवस फार जुने नाहीत. वायरलेस ब्रॉडबँडच्या 2300 मेगाहर्ट्झचा लिलाव 2010 मध्ये झाला, आणि जिओची सेवा सुरू झाली 5 सप्टेंबर 2016 ला. तेव्हापासून खेडोपाडी नेट म्हणजे मोबाइलच. पण शेवटचा टप्पा तेवढा हवेतून. टॉवरच्या मागे फायबर किंवा मायक्रोवेव्ह असतं आणि महावितरणची वीज असते. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते, मग गच्चीवरचा अँटेना कितीही नेमका असो.

तुमच्याकडे असंच होत असेल तर कांड्यांवर जाऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस'खाली खरा आकडा दिसतो. तो घेऊन घरभर फिरा. राऊटर गच्चीजवळ न्या, दिशा बदलून वेग तपासा. आणि बाजारात मिळणारा बिनपरवाना बूस्टर मात्र लावू नका. तो बेकायदा आहे, आणि वर शेजाऱ्यांच्या फोनमध्ये गोंगाट वाढवतो.