ट्रॅक्टरची संरक्षक चौकट

पांढुर्णा व सौंसर भागातील संत्राबागांत उतारावर, बांधावर किंवा नाल्याकाठी ट्रॅक्टर उलटल्यास चालकास उडी मारण्यास अवधी मिळत नाही. आसनामागे भक्कम पोलादी चौकट असल्यास भार तिच्यावर पडतो व चालकापुरती जागा सुरक्षित राहते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांस अशी चौकट सक्तीची केली. पुढे तेथील असे मृत्यू पुष्कळ घटले.

मात्र पाण्याचे नळ जोडून गावातच केलेल्या चौकटीवर विसंबू नये. आघाताने नळ वाकतो, सांधा तुटतो. उन्हासाठी लावलेले छतही चौकट नव्हे. त्या ट्रॅक्टरसाठीच बनविलेली, कसोटीस उतरलेली चौकट बसवावी. तीस छिद्रे पाडू नयेत. चौकट असल्यास आसनपट्टा अवश्य बांधावा. नसल्यास बांधू नये.