प्रकाशाचा सांधा

शहापूर तालुक्यात तानसा नावाचा तलाव आहे. १८९२ सालापासून या तलावाचे पाणी मुंबईला जाते. ते मोठमोठ्या नळांतून वाहत जाते. तुमच्यापैकी अनेकांनी हे नळ पाहिले असतील. एवढा लांब नळ एका तुकड्याचा नसतो. एका तुकड्याला दुसरा तुकडा जोडावा लागतो. या जोडाला सांधा म्हणतात. सांधा नीट बसला नाही, तर तेथून पाणी गळते. आज आपण अशाच एका सांध्याची माहिती घेऊ. मात्र या सांध्यातून पाणी वाहत नाही, प्रकाश वाहतो.

तुम्ही मोबाइलवर एखादा धडा पाहता. तो धडा बऱ्याचदा दूरच्या शहरातील मोठ्या संगणक केंद्रातून येतो. अशी केंद्रे आपल्या जिल्ह्यातील नवी मुंबईतही आहेत. तेथून तो प्रकाशाच्या रूपाने निघतो आणि काचेच्या बारीक तंतूंतून धावतो. या तंतूला प्रकाशतंतू म्हणतात. २०११ साली केंद्र सरकारने देशातील ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. तिला पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. प्रकाशतंतू तयार करणारे कारखाने आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

प्रकाशतंतूची काच फार शुद्ध असते. तिच्यातून सुमारे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. वाशिंद ते आटगाव हे रेल्वेचे अंतर साधारण तेवढेच आहे. विचार करा, आपल्या खिडकीची काच एवढी जाड असती, तर पलीकडचे काही दिसले असते का?

कधी रस्ता खोदताना ही केबल तुटते. मग गावाचा संपर्क तुटतो. ग्रामपंचायतीतील दाखले अडतात, ऑनलाइन अर्ज अडतात. अशा वेळी तंत्रज्ञ येतो आणि रस्त्याच्या कडेला बसून काम करतो. तो तंतूची दोन्ही टोके पुसतो व सरळ कापतो. मग एका छोट्या यंत्रात ती समोरासमोर ठेवतो. विजेच्या ज्योतीने काच वितळते आणि दोन्ही टोके एकजीव होतात. चांगल्या सांध्यात शंभरातला एखाददुसरा भागच प्रकाश वाया जातो. दोन्ही बाजूंना सारखाच तंतू असल्यामुळे हे काम साधते.

खरी अडचण पुढे आहे. तंतूच्या दोन्ही टोकांना यंत्र असते. एका टोकाचे यंत्र विजेच्या खुणांचा प्रकाश करते. दुसऱ्या टोकाचे यंत्र त्या प्रकाशाची पुन्हा वीज करते. पूर्वी या यंत्रात अनेक सुटे भाग असत. आता त्यांतील पुष्कळ भाग सिलिकॉनच्या एका लहानशा चिपवर बसवता येतात. या चिपला फोटॉनिक इंटिग्रेटेड सर्किट म्हणतात. आपण तिला प्रकाश-चिप म्हणू. मोठ्या संगणक केंद्रांत आणि लांब पल्ल्याच्या केबलींच्या टोकांना अशा चिप्स वापरल्या जातात. चेन्नईच्या आयआयटी मद्रास या संस्थेत त्यांच्यावर संशोधन चालते.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप्स एकाच वेळी तयार होतात. त्यामुळे एक चिप स्वस्त पडते. पण नुसती चिप काय कामाची? नळ जोडल्याशिवाय टाकीचा काय उपयोग? चिपला प्रकाशतंतू जोडावा लागतो, वीज द्यावी लागते आणि तिला पेटीत बंद करावे लागते. या सर्व कामाला पॅकेजिंग म्हणतात. पॅकेजिंग म्हणजे केवळ खोक्यात भरणे नव्हे. पुष्कळ वेळा चिपपेक्षा पॅकेजिंगलाच जास्त खर्च येतो.

असे का होते? आकडे पाहा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. प्रकाशतंतूची जाडी १२५ मायक्रॉन असते. त्याच्या मधोमध प्रकाशाची वाट असते. ती सुमारे ९ मायक्रॉन रुंद असते. चिपवरील प्रकाशाची वाट मात्र सुमारे अर्धा मायक्रॉनच रुंद असते. मोठ्या नळाचे सगळे पाणी सुईच्या नेढ्यातून घालवण्यासारखे हे काम आहे! तंतू एखादा मायक्रॉन सरकला, तरी पुष्कळ प्रकाश बाहेर सांडतो. १५ किलोमीटर काचेत जेवढा प्रकाश हरवतो, तेवढा एका वाईट सांध्यात हरवू शकतो.

म्हणून कारखान्यात हा सांधा फार जपून करतात. प्रथम प्रकाश चालू करतात. मग यंत्राचा हात तंतूला किंचित वरखाली आणि डावीउजवीकडे हलवतो. सर्वांत जास्त प्रकाश कोठे पोहोचतो, ते तो शोधतो. ती जागा सापडली की डिंकासारखा एक पदार्थ लावतात आणि त्यावर अतिनील किरण सोडतात. काही क्षणांत तो पदार्थ कडक होतो. पण कडक होताना तो थोडा आकसतो आणि तंतूला ओढतो. त्याचाही हिशेब आधीच करावा लागतो. शिवाय सिलिकॉन स्वतः चांगला प्रकाश देत नाही. त्यासाठी दुसऱ्या पदार्थाचा लेसर आणून चिपला जोडावा लागतो. चिप तापली, तर तिचे काम बिघडते. म्हणून उष्णता बाहेर काढण्याची सोयही करावी लागते.

आता एक हिशेब करू. समजा, एका सांध्याला पाच मिनिटे लागतात. एक यंत्र रोज आठ तास चालते. मग दिवसाला ९६ सांधे होतील. एक लाख सांध्यांना हजाराहून अधिक दिवस लागतील! एवढे सावकाश काम करून चालणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी काही युक्त्या काढल्या आहेत.

पहिली युक्ती खाचांची. चिपच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खाचा कोरतात. तंतू खाचेत ठेवला की तो आपोआप योग्य जागी बसतो. दुसरी युक्ती, अनेक तंतू एका पट्टीत बसवून एकदम जोडण्याची. तिसरी युक्ती मोठी गमतीची आहे. चिपवरील वाट टोकाशी अगदी निमुळती करतात. मग प्रकाश तिच्यात मावत नाही. तो बाहेर पसरतो आणि तंतूच्या वाटेएवढ्या रुंदीच्या जवळ येतो. त्यामुळे सांधा जुळवणे सोपे जाते. चौथी युक्ती तपासणीची. चकती कापण्यापूर्वीच प्रत्येक चिप तपासतात. खराब चिप पेटीत गेली, तर पेटीचा व सांध्याचा खर्चही फुकट जातो.

या युक्त्यांमुळे सांधा लवकर व स्वस्तात होतो. ही गोष्ट फक्त कारखान्यापुरती नाही. महाग वस्तू आधी शहरात पोहोचते. मुरबाडच्या डोंगरातील पाड्यावर ती सर्वांत शेवटी पोहोचते. सांधा स्वस्त झाला, तर प्रकाशाची यंत्रे स्वस्त होतील आणि पाड्यापर्यंतची वाट जवळ येईल.

तानसाचे पाणी सांध्यासांध्यातून मुंबईला पोहोचते. तसेच ज्ञानही सांध्यासांध्यातून आपल्या गावात पोहोचते. रस्त्याच्या कडेला बसून तंतू जोडणारा तंत्रज्ञ तुम्हांला दिसला, तर जरा थांबून पाहा. पण तंतूच्या टोकात डोकावू नका. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी तो डोळ्यांना इजा करू शकतो.

स्वाध्याय
१. पॅकेजिंग म्हणजे काय?
२. तंतू व चिप यांचा सांधा अवघड का असतो?
३. सांधा लवकर व्हावा म्हणून कोणत्या युक्त्या करतात?
४. एका सांध्याला एकच मिनिट लागले, तर आठ तासांत किती सांधे होतील?