गाडीचा कॉम्प्रेसर : बदलावा की वगळावा?

नाशिकच्या कापड व्यापाऱ्याला भिवंडी आणि मालेगावच्या फेऱ्या चुकत नाहीत. आम्हा व्यापाऱ्यांची गाडी म्हणजे धंद्याचे साधन. एसीचा कॉम्प्रेसर बिघडला आणि मेकॅनिकने मोठा आकडा सांगितला की, ‘एसीच नको, काढून टाका’ असे आम्ही चटकन म्हणतो. हा सौदा खरोखर फायद्याचा आहे का?

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. जुन्या अनेक गाड्यांत त्याला स्वतंत्र पट्टा असे. तो काढला की काम भागे. नव्या बऱ्याच गाड्यांत एकच लांब पट्टा अल्टरनेटर आणि काहींत पाण्याचा पंपही चालवतो. कॉम्प्रेसर जाम झाला तर हाच पट्टा जळतो किंवा तुटतो. मग बॅटरी चार्ज होत नाही, पंप थांबला तर इंजिन तापते आणि गाडी कसारा घाटात उभी राहते. म्हणून आवाज करणारा कॉम्प्रेसर ‘एसी बंद ठेवू’ म्हणत तसाच चालवू नये.

आधी दोष ओळखावा. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये एसी बंद असताना फक्त पुली फिरते. तेव्हाही घरघर येत असेल, तर बहुधा पुलीचे बेअरिंग गेलेले असते. बेअरिंग किंवा क्लच पुष्कळदा वेगळा बदलता येतो. एसी लावल्यावरच खडखड होत असेल, तर दोष बहुधा आत असतो.

वगळायचाच असेल तर त्या जागी साधी पुली किंवा योग्य मापाचा आखूड पट्टा बसवतात. पट्ट्याचा प्रत्येक पुलीला पुरेसा वेढा हवा आणि पाण्याचा पंप उलटा फिरता कामा नये. शिवाय पावसाळ्यात इगतपुरीच्या धुक्यात काचेवरची वाफ एसीच लवकर सुकवतो. त्यामुळे ही सोय तात्पुरतीच समजावी.

आतून तुटलेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा नळ्यांत पसरतो. म्हणून नवा बसवताना नळ्या धुवाव्यात, ड्रायर बदलावा, कंडेन्सर साफ होत नसेल तर तोही बदलावा. कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे. व्हॅक्यूम करून गॅस वजनाने भरावा. यात काटकसर केली तर नवा कॉम्प्रेसरही लवकर जातो.

22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेऊ नये. बिल नसेल तर वॉरंटी मागणार कशावर? दुरुस्त केलेला जुना कॉम्प्रेसर घेतला, तरी वॉरंटीची मुदत लेखी घ्यावी.